बक्षीस परत घेण्याचा रविवार

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रबरी शिक्के बनवण्याच्या दुकानात काम करतात. त्याआधी ते कुठल्याशा कंपनीत कार्टूनची चित्रं काढायचे. कुठली कंपनी, कसली चित्रं, हे मी कधी विचारलं नाही. कारण अगदी सरळ आहे, मी त्यांच्यावर चिडलेलो होतो. अकरा वर्षांपूर्वी आमचे बाबा गेले, तेव्हा ताई एकटीच आली. म्हणाली, ‘‘त्याला सुट्टी नाही मिळाली.’’ चित्रं काढणाऱ्या माणसाला सुट्टी मिळत नाही? विमान चालवत होते की काय? तेव्हापासून आमचं बोलणं ‘या’, ‘बसा’ आणि ‘निघालात का’ एवढ्यावर आलं.

तरी त्यांना मंडळात नेलं मीच. ताई म्हणाली, ‘‘सुट्टीच्या दिवशी नुसता भिंतीकडे बघत बसतो रे. तुझ्या त्या सिनेमावाल्यांत ने त्याला.’’ ताईला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

मंडळ म्हणजे आम्ही सहा जण. दर रविवारी सकाळी दहाला दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत जमतो. रविवारी पेशंट नसतात, टीव्ही मोठा आहे आणि खुर्च्या फुकट. डॉक्टर, भूगोलाचे सर, वाचनालयातल्या बाई, घड्याळदुरुस्तीवाला, मी आणि भाऊजी. आमच्यातल्या एकानेही आयुष्यात सिनेमातलं टाचणीएवढं काम केलेलं नाही, असं मी समजून होतो. त्यामुळे मतं एकदम ठाम. कुठला सिनेमा डोक्यावर चढवून ठेवलाय, कुणाचं बक्षीस वशिल्याचं, यावर आम्ही गळ्याच्या शिरा ताणून भांडतो आणि बारा वाजता पोटभर जेवल्यासारखे घरी जातो.

वर्षातून एकदा ‘बक्षीस परत’चा रविवार असतो. दाराच्या मागे पुठ्ठ्यावर बक्षीस मिळालेल्या सिनेमांची यादी आहे. त्यातला एक निवडायचा. एकाने त्याच्यावर आरोप करायचे, चिठ्ठीत नाव निघेल त्याने वकिली करायची, मग हात वर. आरोप मान्य झाले की यादीतून नावावर काट. जगाला याचा पत्ता नसतो. पण आम्हाला त्या दिवशी आपण फार मोठं काहीतरी निस्तरलं असं वाटतं.

यंदा कार्टूनपट निवडला होता. हाताने काढलेल्या चित्रांचा, समुद्रकाठच्या एका मुलीचा. सगळं जग त्यावर लट्टू, मोठं बक्षीस मिळालेलं. आरोप करायला मी. आणि वकिलीची चिठ्ठी निघाली भाऊजींची.

सगळे हसले. मंडळात त्यांचं नाव मौनीबुवा. सात महिन्यांत त्यांनी ‘चहा चालेल’ याखेरीज वाक्य बोललं नव्हतं. चिठ्ठी हातात धरून ते नुसते बघत राहिले. ‘‘दुसरी काढू या का?’’ डॉक्टरांनी विचारलं. ‘‘नको,’’ भाऊजी म्हणाले.

आठवडाभर मी तयारी केली. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. सिनेमा सात वेळा पाहिला आणि दोन पानं भरून काढली.

रविवारी भाऊजींबरोबर ताईही आली. ती मंडळात कधी येत नाही. इस्त्रीची साडी नेसून, परीक्षेला बसलेल्या पोराच्या आईसारखी मागच्या खुर्चीवर टेकली. ‘‘आज तो बोलणार आहे ना,’’ ती हळूच मला म्हणाली. ‘‘त्या सिनेमाचं काम केलंय त्याने. सहा वर्षं.’’

मी खिशातली पानं चाचपली. ‘‘मला आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘तू कधी विचारलंस?’’

एवढ्यात डॉक्टरांनी माझं नाव पुकारलं. मी उठलो. कागद बाजूला ठेवून चार गुळमुळीत वाक्यं बोलून बसता आलं असतं. पण पाच जण पेन्सिली सरसावून बसलेले, आणि दोन पानं खिशात नुसती वळवळत होती. आतून तो जुना रागही म्हणत होता, वाच. मी वाचली. गोष्ट रेंगाळते. आजोबा उगाच मरतो. आणि माझं ठेवणीतलं वाक्य: ‘‘या सिनेमात गोष्ट जागची हलत नाही, हलतात फक्त त्या मुलीचे केस. परीक्षकांनी बक्षीस दिलं ते केसांना.’’ घड्याळवाला खुर्चीतून पडायचा राहिला. भूगोलाच्या सरांनी टाळी दिली. ताईने मान खाली घातली.

मग भाऊजी उठले. शर्टाचं टोक ओढून सरळ केलं. ‘‘केस मी काढलेत,’’ ते म्हणाले.

 सगळे एकदम बोलायला लागले. काय सांगता, इतके दिवस बोलला नाहीत, आम्ही वेडे इथे. बाईंनी तर खुर्ची पुढे ओढली. भाऊजी थांबले आणि सांगू लागले. मोठे चित्रकार हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र काढतात. मधली सगळी त्यांच्यासारख्यांनी भरायची. खालून दिवा असलेल्या काचेवर कागद ठेवायचा, एका सेकंदाला बारा चित्रं. त्यांच्या वाट्याला आले केस. सहा वर्षं फक्त केस.

‘‘शेवटी नावं येतात त्यात तुमचं?’’ सरांनी विचारलं.

‘‘मधल्यांची नावं नाहीत.’’

मी ताईकडे पाहिलं. ती ताठ बसली होती, चेहरा उजळलेला. सहा वर्षं हा माणूस घरी फक्त झोपायला यायचा. लेकीचं पहिलं पाऊल, घर बदलणं, दुखणीखुपणी, सगळं हिने एकटीने ओढलं. आज चार माणसांसमोर त्याने एक वाक्य बोलावं, की हे आम्ही केलं आणि चांगलं केलं, एवढ्यासाठी ती आली होती. आणि ते वाक्य बोलायला आता काहीच अडचण नव्हती. खोली त्यांच्या बाजूने वळली होती. मी स्वतः हरायला तयार होतो, देवाशपथ.

‘‘टेकडीचा प्रसंग लावता का?’’ भाऊजी डॉक्टरांना म्हणाले.

डॉक्टरांनी लावला. मुलगी टेकडीवर उभी आहे, खाली होडी निघालीय. भाऊजींनी हात वर केला. ‘‘इथे थांबवा.’’ ते टीव्हीजवळ गेले आणि बोट ठेवलं. ‘‘होडीचं शीड बघा. उजवीकडे फुगलंय. आणि केस डावीकडे उडताहेत. वारा एकच आहे.’’

 मी तो प्रसंग सात वेळा पाहिला होता आणि मला हे दिसलं नव्हतं.

‘‘पंधरा सेकंद आहे हे,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘एकशे ऐंशी चित्रं. सगळी चुकीची. तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही, परीक्षकांच्याही नाही.’’ मग ते माझ्याकडे वळले. ‘‘तुझे वडील गेले त्या आठवड्यातली आहेत ही. दोनदा सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, टेकडी संपवा आणि जा. मी काढत बसलो. मान वर करून शीड बघायचं राहून गेलं.’’

 अकरा वर्षं मी ज्या गोष्टीचा राग धरून बसलो होतो, ती भिंतीवरच्या टीव्हीत थांबून राहिली होती. मी म्हणालो, ‘‘भाऊजी, जाऊ दे हो. बाकीचे केस आहेत ना. किती सुंदर आहेत. त्यांच्याबद्दल बोला.’’

त्यांनी खरोखर प्रयत्न केला. तोंड उघडलं, ताईकडे पाहिलं, परत टीव्हीकडे पाहिलं. ‘‘बाकीचे मला दिसत नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘सिनेमा लावला की मी हे यायची वाट बघतो. हे आलं की संपलं.’’

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले की मग मतदान नको या वर्षी. पण भाऊजीच म्हणाले, नियम आहे तर घ्या. बक्षीस परत घ्यावं म्हणून हात वर करायला सांगितलं. कुणाचाच हात हलेना. मी तर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. भाऊजींनी एकट्याने हात वर केला. आपल्याच सिनेमाविरुद्ध एक मत, बाकी तटस्थ; आमच्या नियमाप्रमाणे आरोप मान्य झाले. त्यांनीच दारामागे जाऊन नावावर रेघ मारली. पट्टी लावल्यासारखी सरळ.

मी वळून पाहिलं तर मागची खुर्ची रिकामी होती. जिना उतरून खाली धावलो. ताई फुटपाथवर बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती.

‘‘मला माहीत नव्हतं ग, बाबांच्या वेळचं,’’ मी म्हणालो.

‘‘मला माहीत होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तो वारा मी अकरा वर्षं ऐकतेय. मला वाटलं, लोकांसमोर तरी दुसरं काही बोलेल.’’

वरून भाऊजींच्या चपलांचा आवाज येऊ लागला. ताईने डोळे पुसले आणि साडीच्या निऱ्या नीट केल्या. ‘‘आता विचारेल, कसं बोललो,’’ ती म्हणाली. ‘‘काय सांगू रे त्याला?’’