भाऊसाहेबांचा मुका संगणक

घरी बसून पुस्तकांची मुद्रिते तपासणाऱ्या भाऊसाहेबांनी आपल्या संगणकाच्या घरघरीविरुद्ध अकरा वर्षे अखंड तक्रार केली. "हा संगणक आहे की पिठाची गिरणी?" असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारीत. अखेर कान किटलेल्या जावयाने मुळीच आवाज न करणारा नवा संगणक आणून दिला.

दुसऱ्याच दुपारी त्यांच्या बंद खोलीतून तीच ओळखीची घरघर ऐकू आली. पत्नीने दार ढकलले. संगणक मुकाट होता. भाऊसाहेब मात्र खुर्चीत मान टाकून घोरत होते.

"अहो, म्हणजे अकरा वर्षं दुपारभर हेच काम चालायचं होय?"

त्याच संध्याकाळी जावयास पत्र गेले: "जुना संगणक कृपया परत आणावा. शांततेत एकाग्रता साधत नाही."