समुद्रकिनाऱ्यावरून गेलेला मेंढरांचा कळप

मी सायन्सचा मास्तर. शहागडला तीस वर्षं पोरांना सांगत आलो — भूतबित सब झूठ. आजही तेच सांगीन. पण सहा वर्षांपूर्वी कोकणात जे घडलं ते मी गावात खोटं सांगितलं... आणि त्यात माझा मित्र भिवराव बदनाम झाला. आता खरं लिहितो.

ऑक्टोबरचा महिना. भिवाची जीप, माझ्या मुलानं दिलेला तंबू आणि आम्ही दोघं म्हातारे. ताम्हिणी घाटात धुकं, माणगावला कडक ऊन, समुद्र दिसला तेव्हा भुरभुर पाऊस! श्रीवर्धनच्या अलीकडे एका रिकाम्या किनाऱ्याशी दुपारी बाराला गाडी लावली. पाणी पार लांब गेलेलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात गोदावरी आटली की लोक पात्रातच टरबुजं लावतात, खोपी टाकून तिथंच राहतात. उतरलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत परत येत नाही, हे डोक्यात पक्कं. मी सपाट वाळूकडे बोट दाखवलं.

"मास्तर, वाळू वली हाय. वरी झाडाखाली जाऊ," भिवा म्हणाला.

"तू मेंढरं राखणाऱ्याच्या घरातला. पाण्यातलं तुला काय कळतं?"

भरती-ओहोटीचा धडा मीच शिकवायचो! पण पुस्तकातली भरती आणि समोरचा समुद्र मी जोडलाच नाही.

तंबू तिथंच ठोकला आणि भाकरी-ठेचा खाऊन दुपारीच झोपलो. चारच्या सुमारास जाग आली ती घंट्यांनी. टण... टण... तंबूच्या कापडाला खेटून शेकडो खुरं चालल्यासारखी. मागून एक लांब शीळ. मी स्वतः ऐकली.

भिवा ताडकन उठला. "मास्तर, ऊठ! ही शीळ माह्या बापाची हाय!"

त्याचा बाप जाऊन चाळीस वर्षं झाली होती. चेन उघडली तर मेंढरू एक नाही, आणि पाणी दारात! माझा गुडघा धरला होता, उठताच येईना. भिवानं मला पाठंगुळीला घेतलं. घंट्या पुढे रस्त्याकडे चाललेल्या, तो त्यांच्या मागं. वर पोचून वळून पाहिलं — तंबू लाटांवर. आणि काठापर्यंतच्या वाळूत खुराचा एकही ठसा नाही, फक्त भिवाची खोल पावलं.

चहावाल्याला विचारलं तर तो हसला. "मेंढरं? आमच्या इथे कोण पाळतो हो!"

गावात येऊन मी काय सांगितलं? जागा भिवानं निवडली आणि मी त्याला ओढून बाहेर काढलं. मास्तरावर कोण शंका घेणार? भिवानं एकदाही तोंड उघडलं नाही.

यंदा त्याच्या नातीच्या साखरपुड्यात कोणीतरी भिवाकडे बघून ओरडलं, "नाना, मांडव तरी कोरड्यात घातला ना?" सगळे हसले. भिवाही हसला, पण जमिनीकडे बघून. मला राहवलं नाही. माईक घेतला आणि भर मांडवात सगळं सांगितलं — जागा माझी, चूक माझी, पाठ त्याची. घंट्यांचंसुद्धा सांगितलं.

मग नात उठली आणि सगळ्यांदेखत आजोबांच्या पाया पडली.

भिवा माझ्याजवळ आला. "सहा सालं लागली व्हय रे तुला?"

"लागली."

"बरं मंग. जीप काढू का?"

गेल्या महिन्यात जाऊन आलो. तोच किनारा. या वेळी जागा भिवानं ठरवली, वर सुरूच्या झाडाखाली. दिवसभर ऊन-पाऊस-वारा आलटून पालटून. तिन्हीसांजेला भरती आली, फेस उडवत वर चढली... आणि आमच्यापासून वीस पावलांवर थांबली. भिवा कमरेवर हात ठेवून समुद्राला म्हणाला, "ये की वर! बघतो तुला!" आम्ही दोघं पोरांसारखे ओरडलो.

घंट्यांचा उलगडा मला आजही झालेला नाही. वारा, खडक, मासेमारांच्या होड्या... सगळं तपासलं. काहीच जुळत नाही. भिवाला म्हटलं, हे सगळं लिहून काढतो. तो म्हणाला, "लिही. तुला कळंना म्हून तू लिहून राह्यला. मला तव्हाच कळलं व्हतं."