भात आत हाय

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलो होतो. फोन पुतण्याचा, रोशनचा. "काका, आई गेली," एवढंच बोलला आणि रडायला लागला. अंगणात बसून मेथी निवडत होती, तिथंच कलंडली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं… मी फोन ठेवला आणि डबा संपवला. शेजारच्या मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. घरात माणूस गेलंय आणि हा गृहस्थ डोळे पुसत पुसत दुधीची भाजी खातोय! त्यांना काय सांगणार? साखरेची गोळी मी आधीच घेतली होती, आणि गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही हा वहिनीचा कायदा होता. "गोली पोटात गेली ना? मंग जेवन बी गेलं पायजे. जग बुडालं तरी." खारघरहून पनवेलच्या पलीकडे आमच्या गावापर्यंत मोटारसायकल चालवत जायचं होतं. वाटेत चक्कर येऊन पडलो असतो, तर तिनं मेल्यावरही मला शिव्या घातल्या असत्या.

सुगंधा वहिनी समुद्रकाठच्या करंजा गावची. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत जात होतो, त्यामुळे अहो-जाहोचा प्रश्नच नव्हता. मी तिला 'वयनी' म्हणायचो, ती मला 'नऱ्या'. पुढे मी प्राध्यापक झालो, डोक्यावरचे केस गेले, तरी मी नऱ्याच. माझी आई तेव्हा थकलेली होती. स्वयंपाकघर वहिनीनं हाती घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. तिच्या हाताला चव होती असं सगळेच म्हणतात आणि ते खरंच आहे, पण तिची खरी ख्याती होती ती आग्रहाची. 'नको' हा शब्द तिला ऐकूच येत नसे. ताटावर आडवा हात धरला तर ती हाताच्या बाजूनं भात सारायची. पंगतीत कोणी पोट धरून उठला नाही तर तिला जेवण फसल्यासारखं वाटायचं.

आणि एके काळी ते बरोबरही होतं. माझे वडील आणि दादा पहाटे शेतावर नाहीतर मिठागरावर जायचे. मीठ ओढून आलेल्या माणसाला डोंगराएवढा भात लागायचा, आणि तो घामाबरोबर निघूनही जायचा. मग शहर वाढत आलं आणि आमच्या जमिनी गेल्या. पैसे आले, बंगला आला, दारात गाडी आली. दादा जागेचे व्यवहार करायला लागला, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसायला लागला. शेत गेलं, मिठागर गेलं, ताट मात्र तेवढंच राहिलं. उलट त्यात तळलेल्या तुकड्या वाढल्या, फ्रीजमध्ये थंड पेयाच्या बाटल्या आल्या, लग्नसराईत हळदीच्या रात्रीची मटणाची जेवणं तर रोजचीच झाली. घरचा तांबडा तांदूळ जाऊन दुकानातला पांढराशुभ्र आला. त्याचं आम्हाला कौतुकच होतं. दादाला साखर झाली, मग पायाची जखम भरेना, मग मूत्रपिंडं गेली. पनवेलला डायलिसिसला नेता-आणता एक दिवस दादा गाडीतच गेला.

त्याचे दिवस झाले आणि थोड्याच महिन्यांत माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. अक्षरं धूसर दिसतात म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी साखरेच्या डॉक्टरांकडे धाडलं. साखर अशीच राहिली तर नजर जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं. घरी येऊन मी बायकोला, मनीषाला सांगत होतो, तर दारात वहिनी उभी. तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. "एक गेला तो पुरे," म्हणाली. "दुसरा मी जाऊ देनार नाय."

तिनं काय काय केलं हे कुणाला विचाराल तर वाटेल, एका रात्रीत घराचा कायापालट झाला. तसं काही नाही. सुरुवातीला मीच उत्साहानं यादी करायला बसलो होतो. सकाळी हे, दुपारी ते, भात बंद, गोड बंद. तिनं माझ्याकडे, लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "सगलं एका दिवशी बंद करशील तं चौथ्या दिवशी सगलं चालू. तुला काय मी आज वलखते?" डॉक्टर घाटावरचे, त्यांनी भाताऐवजी भाकरी खा म्हणून सांगितलं होतं. मी खूश, कारण आमच्याकडे भाकरी तांदळाची. दोन दिवस मी ती पथ्य म्हणून चापली. तिसऱ्या दिवशी वहिनीनं भाकरी माझ्या पुढ्यातून उचलली. "भाताचीच बईन ती. तिला काय पथ्य म्हनतोस, शिकलेला ना तू?"

मग तिनं एकच गोष्ट बदलली. आमच्याकडे पुरुष आधी जेवतात. ते बाहेरच्या खोलीत बसतात, बायका आतून वाढायला येतात, आणि भाताचा टोप बाहेर मधोमध ठेवलेला असतो. त्या दिवशी टोप बाहेर आलाच नाही. ताटात काकडी, मुळा, लाल माठाची भाजी, एक नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण. रोशननं हाक मारली, "आई, भात?" आतून उत्तर आलं, "भात आत हाय. ज्याला पायजे त्यानी उठून घेवाचा."

आता हे वाचणाऱ्याला साधं वाटेल. पण आमच्या घरातल्या पुरुषांनी स्वयंपाकघरात पाय ठेवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. भाताचा टोप चुलीच्या बाजूला, तिथे जाऊन स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचं म्हणजे… रोशन रागानं उठला, एकदा वाढून आणला. दुसऱ्यांदा उठायचा त्याला कंटाळा आला. मला तर पहिल्यांदाच उठायची लाज वाटली. पोट भरलं नाही असं वाटत होतं, पण उठण्याइतकी भूक काही नव्हती. हीच तर तिची मेख होती. तिनं भात बंद केलाच नाही. ज्या माणसाला आयुष्यभर न मागता वाढलं गेलं, त्याला पहिल्यांदा ठरवायला लावलं की, बाबा, तुला खरंच हवाय का?

आणि हे करताना तिचा जीव किती तुटत होता ते मी पाहिलंय. वाढायला सवकलेला हात. कधी कधी ती डाव घेऊन दारापर्यंत यायची आणि मागे फिरायची. गावात चर्चा झाली, सुगंधा म्हातारपणी चिकट झाली, माणसांना जेवायला घालत नाही. जिची कीर्ती आग्रहाची, तिला हे ऐकणं सोपं नव्हतं. पण ती हटली नाही. थंड पेयाच्या बाटल्या गेल्या. तळण आठवड्यातून एकदा, बाकी दिवस चिंच-लसणीचं पातळ कालवण. करंजाहून तिचा भाऊ मासळी पाठवायचा, ती बोंबील-मांदेलीसारखी साधी मागवायची. हळदीला जायचं असलं की निघण्याआधी आम्हा सगळ्यांना वाटीभर वरण आणि काकडी खायला लावायची. "भरल्या पोटी मटनाला जायचं. मंग तोंडाला चव लागते, पोटाला नाय." वर्षभरात माझी साखर आटोक्यात आली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते गेलं, पण आता थांबलंय. मी पेढे आणले, तिनं मला एकच दिला.

इथे हा लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण एकदा कॉलेज अर्ध्या दिवसानं सुटलं आणि मी भलत्या वेळी घरी आलो. पुरुषांची जेवणं कधीच उरकली होती. पाणी प्यायला म्हणून आत गेलो, तर वहिनी आणि मनीषा खाली बसून जेवत होत्या. दोघींच्या ताटांत भाताचा हा ढीग! त्यावर भांड्याच्या तळाशी उरलेलं गार कालवण. भाजी नाही, काकडी नाही, ती बाहेरच संपलेली.

"वयनी, येवढा भात?"

"मंग? तुमी नाय खाल्ला तो."

"अगं, पण शिजवतेस कशाला एवढा?"

"टोप तोच हाय ना," ती म्हणाली, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारत होतो. "आन कोन आयला-गेला तं? भाताचा टोप खरवडलेला दिसला तं बरं दिसंल? आन अन्न टाकाचा कसा?"

वर्षभर आम्ही बाप्ये जो भात सोडत होतो, तो या बायका खात होत्या! आम्हाला वाचवायला निघालेली बाई आमचं मरण आपल्या ताटात वाढून घेत होती, आणि तिच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. कारण उरलेलं खाणं हे आमच्याकडे खाणं समजलंच जात नाही, ती साफसफाई असते. दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच डॉक्टरांकडे नेली. माझ्या ताटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईची साखर माझ्यापेक्षा जास्त निघाली.

दवाखान्याच्या पायरीवर मी तिच्यावर ओरडलो. लोक बघत होते. "एक गेला तो पुरे म्हणालीस ना? मग दुसरी तू का? तू काय माणसांत नाहीस?" रिक्षात बसलो. बाजारपेठेत आल्यावर ती रिक्षावाल्याला म्हणाली, "थांबव जरा." उतरून भांड्यांच्या दुकानात गेली आणि अर्धा तास घासाघीस करून एक लहानसा टोप घेऊन आली. मोठा टोप तिनं त्याच आठवड्यात देवळात भंडाऱ्यासाठी देऊन टाकला. देताना पदरानं पुसला, इतकंच.

लहान टोपाचा भात सगळ्यांना पुरवायचा तर एकदाच, एकत्र बसणं भाग होतं. भाजी, काकडी, कालवण सगळं मधोमध, बायका-पुरुष गोल करून. पहिले काही दिवस तिला घास उतरेना. सवय नव्हती, सारखी उठायची. मी म्हणायचो, "बस, वयनी, तुझं कालवण कुठं पळत नाय." शेजारणी कुजबुजल्या, सुगंधाच्या घरात बायका पहिल्या जेवतात. तिनं अंगणातूनच ऐकवलं, "पयल्या नाय गो, संगती!"

तिच्या दिवसांत एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाला, "एवढं पथ्य करून काय मिळालं तिला? शेवटी गेलीच की." माणूस वाईट नव्हता, पण मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. काय मिळालं? दादा गेल्यावर इतकी वर्षं मिळाली. दोन्ही पाय मिळाले, स्वतःच्या पायांनी ती शेवटच्या सकाळपर्यंत मेथी आणायला गेली. नातीला शाळेच्या दारापर्यंत सोडायला मिळालं. आणि मला डोळे मिळाले, ज्यांनी मी हे लिहितोय. मरण चुकवायला कोणी काकडी खात नाही, साहेब. असेपर्यंत नीट असावं म्हणून खातो.

तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं. कॅटरिंगवाला, पंगती, पुरुष आधी, सगळं जुन्या रिवाजानं. कोणाला बोलायचं त्राणही नव्हतं. पाहुणे पांगले, मागे राहिली फक्त वहिनीची थोरली बहीण, करंजाची मावशी. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायची वेळ झाली. मी आणि रोशन सवयीनं बसलो, आणि मावशी कमरेला पदर खोचून डाव घेऊन उभी राहिली. "बाप्यांना वाढते. बायका मागना जेवतील." मनीषा माझ्याकडे बघत होती.

रोशनची बायको प्रणाली आतून आली. हातात तीन रिकामी ताटं. एक मनीषासमोर ठेवलं, एक स्वतःला, आणि तिसरं मोकळ्या जागी. मग मावशीच्या हातातला डाव हळूच काढून घेतला.

"मावशी, तुमी बसा. आमच्यात सगलेच संगती जेवतान."

मावशी अवघडून बसली. समोर बाप्ये, आणि आपण जेवायचं… तिला कुठं बघावं कळेना. प्रणालीनं तिच्या ताटात भाजी वाढली, वाफाळतं कालवण घातलं. मावशीनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला आणि थांबली. डोळे भरून आले. मला वाटलं, बहिणीच्या आठवणीनं.

"गरम हाय," ती म्हणाली. "कालवन असं गरम लागतं, मना ठावंच नव्हतं."

रोशननं काकडीची ताटली उचलली आणि तिच्यापुढे सरकवली.