एक नंबर मोठे बूट
बुटाच्या पॉलिशचा वास आला की मला मेव्हण्याच्या लग्नातले ते उसने बूट आठवतात. एक नंबर मोठे बूट घालून मी हट्टा गावातल्या वरातीत नाचायला उतरलो, हीच पहिली चूक. वेशीपाशी समोरून दुसरी वरात आली. ज्याचा बँड आधी थांबेल त्याची वरात मागं सरणार, असा तिथला रिवाज. दोन्ही बँड जुने, नावाजलेले. दोन म्हातारे मास्तर क्लॅरनेट घेऊन समोरासमोर ठाकले आणि असं वाजवू लागले की गच्चीवरच्या बायाही खाली उतरल्या. वरचा सूर धरताना आमच्या मास्तरची कवळी निसटून धुळीत पडली. तो गुडघ्यावर बसून चाचपू लागला. "वाजव की रे, बोळक्या!" पलीकडून आरोळी आली. समोरच्या मास्तरनं क्लॅरनेटमधून फुसफुस काढून त्याची नक्कल केली, तसे आमचेही लोक पोट धरून हसले. मीही हसत नाचत होतो, तेवढ्यात माझ्या बुटाखाली कट्ट वाजलं. "मास्तर, आता ढोल धरा, त्याला दात लागत न्हाईत!" आमचे सासरे म्हणाले. वरात मागं सरली. मास्तर कवळीचे तुकडे रुमालात बांधत तिथंच बसून राहिला. मांडवात येऊन मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. आता माझ्याही दोन दाढा हलून राहिल्यात, म्हणून तिचं तेव्हाचं बोलणं जास्तच लागतं. ती हसली न्हाई. म्हणाली, "बूट बाहेरच काढा. कुणाचं तरी पोट चिकटलंय त्याला."