पायाचा पंप आणि पाव फेरा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी अहमदनगरच्या छावणीत लाकडी रणगाडे रंगवत असे. वीतभर लांबीच्या त्या प्रतिकृती दाखवून सैनिकांना शत्रूचा रणगाडा लांबून ओळखायला शिकवत. रंगाचा एक ओघळ राहिला तरी आकार चुकतो, म्हणून ब्रशऐवजी टाकीतल्या हवेच्या दाबाने रंगाचा फवारा मारणारा एअरब्रश वापरायचा. मी मुंबईहून आलो होतो. शेडमधले बाकीचे लोक उत्तरेकडचे होते आणि संध्याकाळी आपापल्या बराकीत जात. दिवसभरात माझ्याशी मराठी बोलणारा एकच माणूस होता : हवेच्या टाकीचा पंप पायाने मारणारे, काष्टी गावचे एक शेतकरी. मी त्यांना मामा म्हणे.

“एवढुसा रणगाडा, न् नवरीवानी नटवताय,” ते म्हणत. “लगीन कुनाशी लावताय, मास्तर?”

“मामा, दाब उतरला.”

“दाब न्हाई, मी उतारलो. म्हातारा झालो आता.”

टाकीवरचा काटा वीस पौंडांवर ठेवायचा, रंग दुधाइतका पातळ, एअरब्रशचं टोक मॉडेलपासून चार बोटं दूर. रंग सोडणारी एअरब्रशची सुई दीड फेरा उघडी. हे आकडे मी एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगले होते.

मग मोटरवर चालणारा पंप आला. अधिकाऱ्याने सांगितलं, एक मॉडेल पायाच्या हवेवर रंगवा, एक मोटरच्या. ज्या पंपावरचं जास्त गुळगुळीत होईल तो राहील. पायाचा पंप गेला तर मामांचं कामही जाणार, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

दुपारी पायाच्या हवेवरचं मॉडेल आधी झालं. चांगलं झालं. मग मोटर सुरू केली, पुठ्ठ्यावरचे आकडे तसेच ठेवले आणि पहिल्याच हाताला रंग रणगाड्याच्या तोफेच्या बुरुजावरून ओघळला. पुसून पुन्हा मारला; पुन्हा ओघळ. अधिकारी घड्याळ पाहत दाराशी उभा होता. मी त्याला सांगू शकलो असतो की मोटर निरुपयोगी आहे. पुरावा समोर होता. मी वाक्य जुळवत होतो.

मामा टेबलापाशी आले, वाकून पाहिलं.

“सुई आवळा की जरा,” ते हळूच म्हणाले. “माझा पाय दमतो म्हणून तुमी ती सैल ठिवता. ही मोटर कुठं दमती?”

खरं होतं. काटा वीस दाखवी तो त्यांच्या ताज्या पायाचा. दुपारपर्यंत तो सोळावर येई, आणि रंग कमी ओढला जाऊ नये म्हणून मी सुई हळूहळू दीड फेऱ्यापर्यंत नेली होती. पुठ्ठ्यावर मी त्यांचा थकवा लिहून ठेवला होता आणि ते मला कळलं नव्हतं.

“मामा, आवळली तर...”

“मला कळतंय. आवळा. हे रणगाडे बघूनच पोरं लढायला चाललीत.”

मी सुई पाव फेरा आवळली. रंग काचेसारखा बसला. अधिकाऱ्याने बोट न लावता पसंतीची मान हलवली.

मामांनी त्या आठवड्यातच काष्टी गाठली. जाताना पंपाचा दांडा पुसून कोपऱ्यात उभा केला. पुठ्ठ्यावरचा ‘दीड’ खोडून मी ‘सव्वा’ लिहिलं. त्यानंतर मला सुई कधी बदलावी लागली नाही. दाब उतरला असं सांगण्याचंही कारण उरलं नाही, आणि शेडमध्ये मराठी बोलण्याचं दुसरं कारण नव्हतं.