चुकलेल्या शॉटची मालकीण

बास्केटबॉल शिकवणाऱ्या नंदकुमार सरांचा एक नियम होता. रिंगवर आपटून परत आलेला बॉल ज्या मुलीच्या हाती लागेल, तिने तो मुकाट्याने बाहेर, लांबून शॉट मारणाऱ्या रेवतीकडे द्यायचा. रेवतीने पुन्हा मारायचा. पुन्हा चुकला की पुन्हा आणून द्यायचा. मुलुंडच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात याला स्ट्रॅटेजी म्हणत. चेतना बनसोडे याला हमाली म्हणायची, पण मनातल्या मनात. आणि साडेतीन वर्षं ती हमाली तिनेच केली होती.

चेतना घाटकोपरची. वडील भाऊराव पवईतल्या ऑफिसांच्या लिफ्ट दुरुस्त करायचे, आई जया एका दवाखान्यात कामाला. घरात खेळ म्हणजे टीव्हीवरचं क्रिकेट. पहिल्या वर्षी प्रवेशाच्या रांगेत सरांनी तिला पाहिलं, उंची विचारली आणि टीममध्ये घेतलं. घेतलं खरं, पण बॉल काही तिच्याकडे येईना. बाकीच्या मुली शाळेपासून एकत्र खेळलेल्या, पास द्यायच्या तो एकमेकींनाच. मग चेतनाला एकच मार्ग उरला: कुणाचा तरी शॉट चुकायची वाट बघायची. त्या टीममध्ये ती फार वेळ बघावी लागत नसे.

यातून ती रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उडालेला बॉल पकडणं, शिकत गेली. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला की बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो. लांबून मारलेला लांब उडतो. रेवतीचा शॉट चपटा जायचा आणि रिंगच्या मागच्या कडेवर आदळून सपाट्याने परत यायचा, म्हणून तिच्या वेळी बोर्डाखाली गर्दी न करता दोन पावलं मागे राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शॉट सुटला की बॉलकडे बघायचंच नाही. बाकीच्या नऊ जणी माना वर करून उभ्या राहायच्या, डोक्यावरून पहिल्यांदाच विमान चाललंय तशा. चेतना तेवढ्यात समोरचीला शोधायची, तिच्याकडे पाठ करायची, पाय रोवायची आणि कमरेने तिला मागे रेटून धरायची. आधी माणूस, मग बॉल. तिच्याहून चार बोटं उंच मुली तिच्या पाठीमागे नुसत्याच उड्या मारत राहायच्या.

रेवती शॉट मारल्यावर हात तसाच वर ठेवायची, मनगट वाकवून. फोटोत छान दिसतं म्हणे. बॉल आत गेला नाही तरी हात वरच. कॉलेजच्या भिंतीवर तिचा तसा मोठा फोटो लागला होता. बॉल कुठे गेला ते फोटोत नव्हतं.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या निवड शिबिराचा फॉर्म आला. प्रत्येक कॉलेजातून एकच नाव जायचं. नोकरी लागली की मैदान सुटणार, हे चेतनाला कळत होतं. विद्यापीठाच्या टीममध्ये शिरायची ही तिची शेवटची संधी होती. फॉर्मवर उंची, वजन आणि आंतरकॉलेज स्पर्धेच्या येत्या उपांत्य सामन्यातले पॉइंट, एवढेच आकडे मागितले होते. ती सरांकडे गेली.

"सर, यात रिबाउंडचा रकानाच नाही."

"रिबाउंड कोण बघतं गं? सामन्यात सगळ्यात जास्त पॉइंट काढ, तुझं नाव लिहितो. आपल्याकडे वशिला चालत नाही."

"पण बॉल तर रेवतीला द्यायचाय ना?"

"ते तुझं तू बघ," असं म्हणून सर चहाला गेले. आपण काय बोलून बसलो याचा त्यांना पत्ताही नव्हता.

सामना अंधेरीच्या कॉलेजशी, त्यांच्याच कोर्टवर होता. पहिल्याच मिनिटाला रेवतीने शॉट मारला, हात वर ठेवला. बॉल मागच्या कडेवर. दोन पावलं मागे उभ्या असलेल्या चेतनाने तो झेलला. रेवतीने हात पुढे केला, वेटरकडून पाणी घ्यावं तसा. चेतनाने उडी मारून बॉल बोर्डाला लावला आणि आत टाकला.

"अगं, मी मोकळी होते ना."

"आधी मारलास तेव्हापण मोकळीच होतीस."

मध्यंतरापर्यंत चेतनाचे पंधरा पॉइंट झाले आणि रेवतीचे सात. टीम नऊने पुढे होती. सरांना मात्र पुढे असल्याचा आनंद नव्हता, नियम मोडल्याचं दुःख होतं.

"सर, ते माझे शॉट होते," रेवती म्हणाली. "ही माझ्यावर जगतेय."

"तुझ्यावर नाही गं, तुझ्या चुकांवर," चेतना म्हणाली. "त्या मला पुरून उरतात."

बाटली तोंडाला लावलेल्या टीममधल्या मीराला ठसका लागला. सरांनी चेतनाला बाहेर बसवलं.

पुढची सहा मिनिटं अंधेरीच्या टीमला स्वर्गच होता. रेवती मारत होती, हात वर ठेवत होती, आणि बोर्डाखालून त्यांची मुलगी भाजी निवडल्यासारखे निवांत बॉल उचलून नेत होती. नऊची आघाडी गेली, वर चारची पिछाडी आली. सर बाकाजवळ आले.

"जा आत. पण बॉल बाहेर द्यायचा."

"नाही देणार, सर."

"मग बस."

ती बसली. चारचे दहा झाले. मग सर तिच्याकडे न बघताच म्हणाले, "जा." तिने अजून सहा पॉइंट काढले, तरी वेळ पुरला नाही. टीम तीनने हरली. सरांनी प्राचार्यांना सांगितलं की अंधेरीचं कोर्ट घसरडं होतं. दोन्ही टीम त्याच कोर्टवर खेळल्या होत्या, हे प्राचार्यांच्या लक्षात आलं नाही.

आकडे मात्र सरांना बदलता येईनात. चेतना एकवीस, रेवती अकरा. सोमवारी त्यांनी तोंड वाकडं करत फॉर्मवर चेतनाचं नाव लिहिलं. खाली 'वैशिष्ट्य' या शब्दापुढे लिहिलं: उत्कृष्ट शूटर.

"सर, मी शूटर नाही."

"एकवीस पॉइंट काढलेस. मग कोण आहेस?"

"त्यातला एकही मी चार फुटांपलीकडून मारलेला नाही." तिने शब्दांवर रेघ मारली, बाजूला 'रिबाउंड' लिहिलं आणि फॉर्म त्यांच्यापुढे फिरवला. "खाडाखोड झालीय. इथे सही लागेल."

"वेडी आहेस का? शूटर लिहिलं तर घेतील तरी. हे वाचून बाजूला ठेवतील."

"शूटर म्हणून घेतलं तर कोपऱ्यात उभी करतील, सर. तिथून मी मारीन, तो चुकेल. मग आणायला जाणार कोण?"

सरांनी सही केली, कुरियरवाल्याच्या कागदावर करतात तशी, आणि फॉर्म टपालाच्या ट्रेमध्ये टाकायला हात लांब केला. त्या ट्रेमध्ये गेल्या वर्षीचे दोन लिफाफे अजून पडून होते. चेतनाने मध्येच त्यांच्या हातून फॉर्म काढून घेतला आणि स्वतः विद्यापीठात द्यायला निघाली.