चंद्रावतीच्या मिठाचा वास

चंद्रावतीचा विश्वास दोनच गोष्टींवर: स्वतःच्या नाकावर आणि आपल्या मांजरीवर. बाकी सगळं जग तिच्या लेखी लबाड. वडखळहून येणारा मिनीडोर रिक्षावाला तिला मुद्दाम चिखलात उतरवतो, दूधवाला हसतो म्हणजे दुधात पाणी आहे, आणि रोह्याहून आलेली सून किमया गोड बोलते म्हणजे तिच्या पोटात नक्की काहीतरी शिजतंय. धरमतरच्या खाडीकाठच्या त्या गावात तिनं वीस वर्षं मिठागरावर पाट्या वाहिल्या. पुढे बांध फुटून आगर बुडालं, नवरा गेला, मुलगा कंपनीत शिफ्टला लागला. काम सुटलं तरी बाईचा संशय काही सुटला नाही.

ढवळी मांजर चौदा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात ती घरात मुतायला लागली. आज चटईवर, उद्या पायपुसण्यावर, परवा तर किमयानं घड्या घालून ठेवलेल्या कपड्यांवर.

"आवो आई, म्हातारी झाली ती. आवरत नाय तिला," किमया म्हणाली.

"माझी ढवळी असलं करायची नाय. तूच पाणी सांडतंस नि तिच्यावर ढकलतंस. एकदा तिला घराबाहेर काढलीस की मग माझा नंबर!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. किमया बिचारी कामाला लागली. तिनं फिनेल ओतलं, चटया वर टांगल्या, मांजरीला पडवीत ठेवून बघितलं. चंद्रावती मात्र सुनेवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवून होती. आणि श्रावणात एक दिवस सगळं आपोआप थांबलं. घर कोरडं ठणठणीत. "बघितलंस? मी नजर ठेवली तशी तुझं पाणी सांडायचं बंद झालं," चंद्रावती म्हणाली, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

आता या बाईची गावात एक पत होती. दृष्ट काढावी तर चंद्रावतीनं. पोर किरकिरलं, दूध टाकायला लागलं की आया तिच्याकडे धावत. मागच्या खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, टांगलेल्या सुकटीच्या पिशव्यांखाली एक उघडं लाकडी खोकं होतं. त्यात आगराच्या शेवटच्या हंगामाचं खडेमीठ. जेवणाला पुडीचं मीठ, हे फक्त दृष्टीला. पावसात मिठाला पाणी सुटतंच, त्यामुळे ते ओलं लागलं तरी कुणाला काही वाटत नसे. मूठभर मीठ, मोहरी, दोन मिरच्या पोरावरून उतरवायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. नुसता मिरचीचा ठसका आला तर पोटदुखी असेल, ओवा द्या. घाण वास सुटला तर मात्र दृष्ट. हा तिचा ठोकताळा.

त्या श्रावणात तिनं आपल्या आठ महिन्यांच्या नातीची, पिंकीची दृष्ट काढली आणि असा काही वास सुटला की किमया तोंडाला पदर लावून अंगणात पळाली. चंद्रावती हबकली. एवढी जबर नजर कुणाची?

"आज पोरीला कोणी घेतलेलं?"

"पुतळीमावशीनी," किमया म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या शीतलच्या मुलाची दृष्ट. तोच वास. त्याला कोणी घेतलं होतं? पुतळीनं. मग आणखी एका घरी, तिथंही पुतळीच. पुतळीचं घर एसटीच्या थांब्याला लागून; गावातलं प्रत्येक पोर येता-जाता तिच्या कडेवर बसायचंच. पण संशय एकदा वाटेला लागला की तो आजूबाजूला कशाला बघतो? पुतळीला मूलबाळ नाही, हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चंद्रावतीला खुपलं. तेही अशा बाईच्या बाबतीत, जिनं आगरावर तिच्या मुलाला झोळीत जोजवलं होतं.

नळावर बायकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी कुणाचं नाव घ्यायची नाय." नाव घेतलं नाही, नुसतं पुतळीच्या घराकडे बघितलं. तेवढं पुरलं. आया थांब्यावर पोरांची तोंडं पदराखाली झाकायला लागल्या.

गौरी-गणपती झाले आणि एका दुपारी शीतल पुन्हा मुलाला घेऊन आली. चंद्रावती मीठ आणायला मागे गेली. खोक्यात ढवळी बसली होती. शांतपणे तिच्याकडे बघत तिनं आपलं काम उरकलं आणि पंजानं वर मीठ ओढून घेतलं. चंद्रावतीनं बाजूचे खडे मुठीत घेऊन नाकाशी नेले. तोच वास. तिनं आयुष्यभर ज्याच्यावर भरवसा ठेवला, ते नाक सुकटीच्या वासानं फसलं होतं.

"आज नाय, उद्या ये," तिनं शीतलला कसंबसं परतवलं.

चंद्रावतीनं सांगितलं तेव्हा किमया आधी पोट धरून हसली. मग तिला पुतळीमावशी आठवली आणि तिचं हसू थांबलं. पेणच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मांजरीची मूत्रपिंडं थकलीत, ती पाणी जास्त पिते, पावसात बाहेर जायला पाय दुखतात. कोरड्या कोपऱ्यात घमेल्यात वाळू ठेवा आणि रोज बदला. मांजरीचा प्रश्न एका घमेल्यात सुटला. किमया म्हणाली, "आई, मीठ खाडीत टाकू. कुणाला कळायचं नाय. तुमचं नाव राहील."

दोन दिवस चंद्रावतीनं नाव राखलं. तिसऱ्या दिवशी किमया पिंकीला घेऊन रस्त्यानं निघाली, आणि समोरून येणारी पुतळी त्यांना बघताच तोंडावर पदर ओढून मागे वळली. ओसरीवरून चंद्रावतीनं ते बघितलं. ती तशीच उठून नळावर गेली. "ऐका गो बायांनो! दृष्टबिष्ट काय नव्हती. मांजर मुतलेलं मीठ होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी!" बायका हंडे खाली ठेवून हसत सुटल्या. हसू देत. तिची लाज तिलाच भोगायची होती.

मग ती पिंकीला घेऊन पुतळीकडे गेली, खालमानेनं सगळं सांगितलं आणि पोरगी तिच्या मांडीवर ठेवली. पुतळी रागावली नाही. उलट हसली. पोरीला तिनं उचलून घेतलं, पण तिचं तोंड आपल्या खांद्यामागे जाईल असं.

"बघ की गो तिच्याकडं," चंद्रावती म्हणाली.

"नको," पुतळी भिंतीकडे बघत म्हणाली. "महिनाभर मी आरशातसुदा बघितलं नाय. मांजर तर मांजर. पन दर खेपंला मांजरच असंल, कशावरनं?"

चंद्रावतीला रडू फुटलं. तिनं पुतळीची हनुवटी धरून तिचा चेहरा पोरीकडे वळवायला बघितलं, तर पुतळीनं डोळे घट्ट मिटून घेतले.